एक लॉगिन, बारा माणसं

मागचे दोन शनिवार ट्रेक आणि खादाडीत गेले, तेव्हा आज जरा कामाचं बोलू. घाबरू नका, कोड नाहीये. (थोडा आहे. पण मराठीत आहे.)

स्पेशियल डेटाबेस हा शब्द ज्यांनी ऐकला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. साध्या टेबलात जसे नावाचे, पगाराचे, तारखेचे रकाने असतात, तसाच इथे एक आकाराचा रकाना असतो. एका ओळीत एक व्हॉल्व्ह: त्याचा नंबर, त्याचा व्यास, तो कधी बसवला, आणि तो पृथ्वीवर नक्की कुठे आहे. पोस्टग्रेस हा डेटाबेस, त्यावर पोस्टजीआयएस हे २००१ साली आलेलं एक्स्टेन्शन, आणि नकाशा बघायला-काढायला क्यूजीआयएस. तिन्ही मुक्त, तिन्ही फुकट, आणि तिन्ही इतके चांगले की लाखोंची लायसन्सं घेणाऱ्यांची कधी कधी कीव येते. असो.

गंमत अशी की नकाशा ही आता एकट्याने करायची गोष्ट राहिलेली नाही. एक्सेलची शीट मेलवर फिरते तसा पूर्वी नकाशाही फिरायचा, शेपफाइल झिप करून. 'फायनल', 'फायनल २', 'फायनल खरंच फायनल'. सेंट्रल डेटाबेस आला आणि ते थांबलं. सगळे एकाच टेबलात लिहितात. आणि मग प्रश्न येतो, की सगळे म्हणजे कोण?

आमचा प्रोजेक्ट होता एका शहराच्या पाणीपुरवठ्याचा. पाइपलाइन, व्हॉल्व्ह, टाक्या, मीटर. माणसं बारा. आमच्याकडचे पाच डिजिटायझर, दोन इंजिनियर, पालिकेतले तीन जण, आणि सर्व्हे करणाऱ्या ठेकेदाराचे दोघे. लॉगिन एक. नाव 'जीआयएसअ‍ॅडमिन', पासवर्ड शहराचं नाव आणि पुढे १२३. मी त्या प्रोजेक्टवर गेलो तेव्हा ही सोय वर्षभर जुनी झाली होती आणि कोणालाच तिचं काही वाटत नव्हतं. आपल्या जुन्या वाड्यांमध्ये दिंडीदरवाजाची कडी बाहेरून हात घालून काढता यायची, आणि ते सगळ्या आळीला माहीत असायचं, तसं.

एका गुरुवारी पालिकेतल्या साहेबांनी एक मोठा नकाशा प्लॉटरवर काढला आणि त्यांच्या लक्षात आलं की टाकीतून निघणाऱ्या मुख्य वाहिनीवरचा व्हॉल्व्ह १५० मिलिमीटरचा दाखवतोय. ती वाहिनी ६०० ची. त्यांनी शेजारचा बघितला. १५०. त्याच्या शेजारचा. १५०. शहरातले सगळे व्हॉल्व्ह एका रात्रीत १५० चे झाले होते!

हे कसं होतं ते क्यूजीआयएस वापरणाऱ्याला लगेच कळेल. फील्ड कॅल्क्युलेटर नावाची एक खिडकी आहे. तिच्यात म्हणायचं, व्यास या रकान्यात १५० भर. तुम्ही आधी नकाशावर पाच व्हॉल्व्ह सिलेक्ट केले असतील तर त्या पाचांत भरतं. सिलेक्शन चुकून सुटलं असेल, मध्येच फोन आला आणि रिकाम्या जागी क्लिक झालं असेल, तर सगळ्यांत भरतं. सेव्ह. झालं काम. तो माणूस पुढच्या कामाला लागतो, त्याला पत्ताही नसतो.

डेटा परत आणणं अवघड नव्हतं. रोज रात्री २ वाजता डंप निघायचा. मंगळवार रात्रीच्या डंपमध्ये व्यास बरोबर होते, बुधवार रात्रीच्यात चुकीचे. जुना डंप बाजूला रिस्टोअर केला, व्हॉल्व्हच्या नंबरावर जोडून व्यास परत भरले, मधल्या काळात ज्यांचे खरंच बदलले होते ते हाताने तपासले. अर्धा दिवस. चहा तीन.

खरा प्रश्न त्यानंतरचा. हे केलं कोणी?

पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक ओळीला एक्समिन नावाचा छुपा रकाना असतो. ती ओळ ज्या ट्रान्झॅक्शनने शेवटची लिहिली त्याचा नंबर त्यात असतो. आम्ही बघितलं, जवळपास सगळ्या ओळींचा एक्समिन एकच. म्हणजे एकाच माणसाने, एकाच सेव्हमध्ये केलेलं काम. इथवर पोचलो तेव्हा मला आपण अगदी व्योमकेश बक्षी असल्यासारखं वाटत होतं. पण पुढे भिंत. त्या नंबराची वेळ मिळाली असती, पण ती ठेवण्याची सेटिंग मुळात बंद असते, ती आधीच चालू करून ठेवावी लागते. कोणती क्वेरी चालली याचा लॉगही मुळात बंदच असतो. कनेक्शनचा लॉग होता, त्यात बुधवारी दिवसभर एकच नाव. जीआयएसअ‍ॅडमिन आला, जीआयएसअ‍ॅडमिन गेला, जीआयएसअ‍ॅडमिन परत आला. आयपी बघावा तर सगळे एकाच व्हीपीएनमधून, एकाच पत्त्याने यायचे.

म्हणजे डेटाबेसच्या दृष्टीने ते काम एका माणसाने केलं होतं, आणि तो माणूस अस्तित्वातच नव्हता.

मग जे होतं तेच झालं. मीटिंग झाली. "व्हॉल्व्हच्या लेयरवर सध्या कोण काम करतंय?" असं विचारलं गेलं. काम करत होती एक नवीन मुलगी, दोन महिन्यांपूर्वी कॉन्ट्रॅक्टवर आलेली, सोलापूरकडची. ती म्हणाली, "सर, मी बुधवारी फक्त पूर्वेकडचे दोन वॉर्ड केले, फील्ड कॅल्क्युलेटर मी उघडलाच नाही." खरं असेल, खोटं असेल. मी मीटिंगमध्ये सांगितलं की लॉगवरून बारापैकी कोणाचंही नाव घेता येत नाही, अगदी माझंसुद्धा. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण माना डोलावल्या म्हणून पटलं असं थोडंच असतं? चोर सापडला नाही की संन्याशाकडे बघायची आपली जुनी सवय आहे. कोणी तिला बोललं नाही, कोणी मेल लिहिला नाही. पुढच्या महिन्यात तिचं कॉन्ट्रॅक्ट संपलं ते रिन्यू झालं नाही, इतकंच. कारण विचारलं तर "रिसोर्स ऑप्टिमायझेशन".

ते कोणी केलं हे आजही कोणाला माहीत नाही. आणि माहीत होणारही नाही.

सिक्युरिटी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बाहेरचा हॅकर येतो, हूडी घातलेला, काळोखात बसलेला. त्यामुळे "आपला डेटा कोण चोरणार हो?" असं म्हणून विषय संपतो. खरंच कोणी चोरणार नाही शहराचे व्हॉल्व्ह! पण वेगळं लॉगिन हे आतल्या माणसाच्या संरक्षणासाठी असतं, हे त्या मुलीकडे बघून मला कळलं. तिच्या नावाचं लॉगिन असतं तर तिला "मी नाही केलं" असं म्हणावं लागलं नसतं, डेटाबेसनेच सांगितलं असतं. किंवा "हो, हिनेच केलं" असंही सांगितलं असतं, आणि मग फील्ड कॅल्क्युलेटर कसा वापरायचा हे तिला दहा मिनिटांत शिकवता आलं असतं. दोन्हीपैकी काहीही चाललं असतं.

मग हा पासवर्ड वर्षभर कोणी बदलला का नाही? आळस? नाही. कारण तांत्रिक आहे आणि मजेशीर आहे.

क्यूजीआयएसची प्रोजेक्ट फाइल म्हणजे एक झिप. ती उघडली की आत साधी एक्सएमएल. त्यात प्रत्येक लेयरसाठी एक ओळ असते: डेटा कुठून आणायचा, सर्व्हर कोणता, डेटाबेस कोणता, टेबल कोणतं. आणि कनेक्शन बनवताना तुम्ही युजरनेम-पासवर्ड 'सेव्ह करा' यावर टिक केली असेल, तर तेही तिथेच, उघड्या अक्षरात. सॉफ्टवेअर तशी वॉर्निंग देतं, पण वॉर्निंग वाचायला वेळ कोणाला आहे? आमच्या मुख्य प्रोजेक्टमध्ये साठेक लेयर होते, म्हणजे पासवर्ड साठ वेळा लिहिलेला. ती फाइल मेलवर, पेनड्राइव्हवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, ठेकेदाराच्या लॅपटॉपवर. पासवर्ड बदलला की या सगळ्या फायली एकाच सकाळी बंद पडणार आणि बारा जणांचे फोन येणार. म्हणून कोणी बदलत नाही. पासवर्ड जितका जास्त पसरलेला तितका तो बदलणं अवघड, आणि बदलणं अवघड म्हणून तो आणखी पसरतो. काय राव, चक्रव्यूहच की!

तर पहिलं काम पासवर्ड फायलींतून बाहेर काढायचं. याचे दोन तुकडे केले. सर्व्हरचा पत्ता, पोर्ट आणि डेटाबेसचं नाव पोस्टग्रेसच्या सर्व्हिस फाइलमध्ये. ती प्रत्येकाच्या मशीनवर असते आणि प्रोजेक्टमध्ये नुसतं सर्व्हिसचं नाव राहतं. उद्या सर्व्हर हलला तर प्रोजेक्टला हात लावायला नको. (त्या फाइलमध्ये पासवर्डही लिहिता येतो. लिहू नका. आगीतून फुफाट्यात.) आणि युजरनेम-पासवर्डसाठी क्यूजीआयएसचीच ऑथेंटिकेशन सिस्टिम. ती २०१५ च्या २.१२ व्हर्जनपासून आहे, पण मला भेटलेल्या निम्म्या लोकांनी तो टॅब कधी उघडलेलाच नाही. तुमची क्रेडेन्शियल्स तुमच्या प्रोफाइलमध्ये एका छोट्या डेटाबेसात एन्क्रिप्ट होऊन राहतात, वर एक मास्टर पासवर्ड, आणि प्रोजेक्टमध्ये जातो फक्त सात अक्षरांचा एक आयडी. खुबी अशी की हा आयडी स्वतः ठरवता येतो. आम्ही बाराही जणांच्या मशीनवर एकच आयडी ठेवला, आत प्रत्येकाचं वेगळं युजरनेम. फाइल एक, तीच कोणीही उघडा, डेटाबेसपाशी जो तो आपापल्या नावाने पोचतो. आता ती फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली तरी त्यातून सात निरर्थक अक्षरं मिळतील.

मास्टर पासवर्ड विसरला तर मात्र तो परत मिळत नाही, सगळं पुसून नव्याने भरावं लागतं. पहिल्या महिन्यात हे चार वेळा झालं.

दुसरं काम परवानग्यांचं. पोस्टग्रेसमध्ये २००५ च्या ८.१ पासून युजर आणि ग्रुप असे दोन वेगळे प्रकार नाहीत, सगळे 'रोल'. आम्ही तीन रोल केले ज्यांना लॉगिनच करता येत नाही: वाचक, लेखक आणि मालक. माणसांचे रोल वेगळे, त्यांना या तिघांपैकी एकाचं सभासदत्व. परवानग्या फक्त या तिघांना द्यायच्या, माणसाला थेट कधीच नाही. नवीन माणूस आला की एक ओळ, गेला की एक ओळ.

ऐकायला सोपं आहे. करायला बसल्यावर खड्डे कळतात. स्कीमावर यूसेज दिला नाही तर टेबलावर दिलेल्या परवानगीचा काही उपयोग नाही, बिल्डिंगच्या गेटवरच अडवलं तर फ्लॅटची किल्ली काय कामाची? लेखकाला इन्सर्ट दिला पण आपोआप नंबर देणाऱ्या सिक्वेन्सवर परवानगी दिली नाही, तर तो बिचारा अर्धा तास पाइप काढतो आणि सेव्ह करताना एरर खातो. आणि सगळ्यात छळणारा प्रकार डिफॉल्ट प्रिव्हिलेजेसचा. २०१० च्या ९.० व्हर्जनमध्ये आलेली ही सोय म्हणते, यापुढे बनणाऱ्या टेबलांवर आपोआप ही परवानगी दे. पण 'यापुढे कोणी बनवलेल्या' हे महत्त्वाचं! तुम्ही ती आज्ञा ज्या रोलसाठी दिली त्याने बनवलेल्या टेबलांनाच ती लागू. मी बनवलेलं टेबल सगळ्यांना दिसतं, शेजारच्याने बनवलेलं त्याला एकट्यालाच. उपाय असा की टेबल बनवण्याआधी प्रत्येकाने सेट रोल करून 'मालक' व्हायचं, म्हणजे सगळी टेबलं एकाच्याच नावावर राहतात. सामाईक जमिनीचं खातं एकाच्या नावावर असावं, नाहीतर वाटण्यांत पिढ्या जातात, हे कोकणातल्या कोणालाही विचारा.

याचा एक छान परिणाम म्हणजे वाचकाच्या स्क्रीनवर क्यूजीआयएसमधली एडिटिंगची पेन्सिल करडी होते. दाबताच येत नाही. कोणाला नियम समजावून सांगावे लागत नाहीत. शिवाय रकान्यावरही परवानगी देता येते, ही सोय २००९ पासूनची. पालिकेच्या माणसांना व्हॉल्व्ह चालू की बंद हे बदलता येतं, व्यास नाही, आणि त्याची जागा तर नाहीच.

तिसरं, नोंदवही. महत्त्वाच्या टेबलांवर ट्रिगर लावला: कोणतीही ओळ बदलली की जुनी ओळ जशीच्या तशी, वेळ आणि करणाऱ्याचं नाव एका वेगळ्या टेबलात जातं. त्या टेबलात कोणालाच थेट लिहिता येत नाही, म्हणून ट्रिगरचं फंक्शन 'मालका'च्या अधिकाराने चालतं. इथे जपून: अशा फंक्शनमध्ये करंट युजर विचारला तर तो मालकाचंच नाव सांगतो! सेशन युजर विचारायचा, तो खऱ्या माणसाचं सांगतो.

हे सगळं घेऊन पालिकेत गेलो तेव्हा साहेबांचा चेहरा पडला. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेले, शहरातला प्रत्येक व्हॉल्व्ह पायाखालून घातलेला माणूस. "अहो, म्हणजे आमच्यावर पाळत ठेवणार का तुम्ही?" मी म्हटलं, "साहेब, उद्या कोणी म्हणालं की तुम्ही अमुक व्हॉल्व्ह बंद दाखवला म्हणून त्या वस्तीला पाणी आलं नाही, तर तुमच्याकडे दाखवायला काय आहे?" ते गप्प बसले. मग म्हणाले, "फेरफारासारखं आहे म्हणा की." मला पटकन कळलं नाही. त्यांचे वडील तलाठी होते. त्यांनी समजावलं: सातबारा सगळे बघतात, पण त्यावरचं नाव असंच बदलत नाही. आधी गाव नमुना ६ मध्ये, फेरफार नोंदवहीत, नोंद पडते. तलाठी नोंद धरतो, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो, आणि मगच सातबारा बदलतो. लिहिणारा वेगळा, मंजूर करणारा वेगळा, आणि जुनं खोडलेलं नाव कंसात का होईना पण दिसत राहतं. मी आठवडाभर ज्याच्या स्लाइड्स बनवत होतो ते त्या माणसाने दोन मिनिटांत सांगितलं. त्या स्लाइड्स मी नंतर दाखवल्याच नाहीत. (त्यांचा मास्टर पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीवर आहे हे मी बघितलं. एका दिवशी एकच लढाई.)

एक गोष्ट करायची होती ती अर्धीच जमली. ठेकेदाराच्या माणसाला फक्त त्याच्या झोनमधला डेटा दिसावा अशी पालिकेची इच्छा. पोस्टग्रेसमध्ये २०१६ च्या ९.५ पासून रो लेव्हल सिक्युरिटी आहे, म्हणजे टेबल एकच पण कोणाला कोणत्या ओळी दिसाव्यात हे पॉलिसीने ठरतं. व्हॉल्व्हला ते मस्त बसलं, व्हॉल्व्ह हा बिंदू, तो एकाच झोनमध्ये असतो. पण पाइप? पाइप पालिकेच्या झोनला विचारून जात नाही. तीन नंबरात सुरू होतो आणि पाच नंबरात संपतो. तो कोणाचा? 'पूर्ण आत असेल तरच' असा नियम लावला तर सीमेवरचे पाइप कोणालाच दिसेनात. 'स्पर्श करत असेल तरी' असा लावला तर दोघांना दिसतात आणि दोघं बदलू शकतात. शेवटी बघायला सैल नियम आणि बदलायला कडक, असं ठेवलं. सीमेवरच्या पाइपांना फक्त पालिका हात लावू शकते. प्रत्येक वेळी आकारांची गणितं करत बसलं तर नकाशा रांगायला लागतो, म्हणून झोनचा नंबर आधीच काढून रकान्यात ठेवला. साधा डेटाबेस असता तर हे डोकं खाजवणं वाचलं असतं, पण मग मजाही गेली असती.

गेल्या महिन्यात आमच्यातला एक जण नोकरी सोडून गेला. त्याचा रोल ड्रॉप करायला गेलो तर पोस्टग्रेस नाही म्हणालं, याच्या नावावर अजून टेबलं आहेत. म्हणजे पठ्ठ्याने कधीतरी सेट रोल न करता टेबलं बनवली होती. रीअसाइन ओन्डने ती मालकाच्या नावावर केली. पण रोल मग ड्रॉप केलाच नाही, नुसतं लॉगिन काढून घेतलं. म्हणजे उद्या त्याच नावाचा दुसरा कोणी आला तरी जुन्या नोंदींशी गल्लत नको.

राहता राहिले फील्डवरचे टॅबलेट. तिथे रेंज नसते, म्हणून डेटा जिओपॅकेजमध्ये भरून नेतात. जिओपॅकेज म्हणजे साधी एसक्यूलाइट फाइल, तिच्यात युजर ही कल्पनाच नाही. संध्याकाळी ऑफिसात येऊन सिंक केलं की दिवसभराचं चौघांचं काम, जो सिंक करेल त्याच्या एकट्याच्या नावावर नोंदवलं जातं. सध्या एका रकान्यात सर्व्हेयरने स्वतःचं नाव निवडायचं असं ठेवलंय, आणि यादीतलं पहिलंच नाव सगळ्यात जास्त वेळा येतंय. सोमवारी प्रत्येकाला वेगळा टॅबलेट द्यायचा विषय मीटिंगमध्ये आहे. बजेटवाले काय म्हणतात बघू.